ताईचा बायोडेटा

घरून, ९ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा पगार आठवला की मी थोरली आहे याचा मला विसर पडतो, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकते.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी बोलत असते आणि पलीकडे तुझी बोटं कीबोर्डवर चालू असतात. तू हं हं म्हणतेस, आणि मला कळत नाही की तू माझं ऐकते आहेस की कुणाचा अर्ज नाकारते आहेस. कागद समोर असला की निदान एकेक ओळ वाचावी तरी लागेल.

शाळा बंद झाली हे तुला ठाऊकच आहे. आधी ऑफिसातली कपाटं गेली, मग घंटा गेली, शेवटी मी गेले. घरी आल्यावर माळे साफ केले. आता ते इतके स्वच्छ आहेत की मीच तिथे चढून बसावं. हे म्हणतात, जरा विश्रांती घे. यांना म्हणायला काय जातं! सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन निघतात आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबतात. माझ्या हाताशी चुका करायला कुणी उरलेलंच नाही.

सोबत जाहिरातीचं कात्रण आहे. आपल्या बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वर एक भरती एजन्सी आहे. शाळा, दवाखाने, दुकानं यांना ते माणसं मिळवून देतात. त्यांना एक भरती अधिकारी हवा आहे. मला ती जागा हवी आहे. हे वाक्य लिहून मी खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं. समोरच्या इमारतीतली एक बाई रोज सकाळी पर्स खांद्याला लावून घाईघाईनं निघते. तिनं माझं काही बिघडवलेलं नाही, तरी मला तिचा राग येतो. इतकी हवी आहे.

बायोडेटाचा मसुदाही जोडला आहे. तू याच धंद्यातली. लाल पेन चालव, पण जरा हात राखून.

आई बरी आहे. तुझ्या काचेच्या केबिनचं वर्णन मला रोज ऐकवते. मी ती पाहिली आहे, हे तिला सांगून उपयोग नाही. तू खुर्ची गर्रकन फिरवून खिडकीबाहेर बोट दाखवलंस; तू काय दाखवत होतीस ते आठवत नाही, खुर्चीचं फिरणं तेवढं आठवतं. माझी शाळेतली खुर्ची एका अंगाला कलायची. मत्सर वाईट हे मला कळतं. कळून तो जात नाही, हेही आता या वयात कळलं आहे.

लोभ आहेच. तो हा मसुदा वाचूनही टिकावा.

तुझी
ताई


ऑफिसातून, १४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार उभ्या उभ्याच करते आहे, मीटिंगला निघाले आहे.

तुझा मसुदा वाचला. आधी हसले, मग कपाळावर हात मारून घेतला. अगं, उंची कशाला लिहिलीस? तुला नोकरी हवी आहे की कुणाच्या घरात सून म्हणून जायचं आहे? छंद : वाचन, विणकाम, आत्मपरीक्षण. कौशल्ये : संगणक येतो, पण प्रिंटर माझ्यावर रुसतो. आणि कळस म्हणजे, नोकरी सोडण्याचे कारण : शाळा बंद पडली, यात माझी काही चूक होती का याचा विचार चालू आहे. ताई, हा बायोडेटा आहे, कबुलीजबाब नाही. आरोपीसुद्धा इतकं आपणहून सांगत नाही.

आता नीट ऐक. दुसऱ्या कुठल्या नोकरीसाठी अर्ज केला असतास तर थोडा पसारा खपला असता. इथे तू माणसं निवडणाऱ्यांकडे जाते आहेस. त्यांची पहिली परीक्षा हीच असते की बाईला स्वतःच्या आयुष्यातून निवडता येतं का. काय ठेवलं आणि काय गाळलं, यातच तुझा हात दिसतो. पान उघडल्यावर नजर वरच्या चतकोरावर पडते. तिथे काही सापडलं नाही तर कागद बाजूला जातो. माझ्याही हातून असे हजारो गेले आहेत, चहा पिता पिता.

प्रामाणिक, कष्टाळू, जबाबदार हे तिन्ही शब्द काढून टाक. आजवर कुणी आळशी आणि बेजबाबदार असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. आणि शिक्षकांच्या गैरहजेरीची व्यवस्था पाहणे म्हणजे काय? पाहायचा सिनेमा असतो. तू काय केलंस ते लिही. प्रत्येक ओळीखाली स्वतःलाच विचार, मग त्यानं काय झालं? उत्तर नसेल तर ती ओळ गेली.

मला एक पत्र लिही. बायोडेटा म्हणून लिहू नकोस, नुसतं सांग, शाळेतली तुझी सकाळ कशी जायची. त्यातून काय घ्यायचं ते मी बघते.

आईचं म्हणशील तर मला ती फोनवर तुझंच पुराण लावते. ताई भाजीला निघाली की रस्ताभर माणसं तिला थांबवतात म्हणे. मला इथे लिफ्टसुद्धा ओळखत नाही, रोज कार्ड दाखवावं लागतं. आणि काचेच्या केबिनचं फार मनावर घेऊ नकोस. काचेतून बाहेरचं दिसतं तसं आतलंही दिसतं, आणि आजकाल आत मी एकटी नसते.

भावोजींना नमस्कार. रागावली असलीस तरी लोभ ठेव, आटवू नकोस.

तुझी
धाकटी


घरून, १९ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. रागावले होते, पण जेवल्यावर ओसरला. आत्मपरीक्षण मात्र छंद नाही हे मला मान्य नाही. मी दुसरं काय करते?

सकाळ विचारलीस, तर ती अशी असायची. मी ऑफिसचं कुलूप उघडायच्या आत फोन वाजू लागायचा. कुणाला ताप, कुणाच्या मुलाचं पोट बिघडलेलं, कुणाला नुसताच कंटाळा. आवाजावरून मला कळायचं. मग घंटा होईपर्यंत त्या वर्गावर कुणाला उभं करायचं हा प्रश्न. माझ्या डोक्यात नेहमी चार-सहा माणसं असायची, बहुतेक शिक्षक नसलेली. चांगला सांगणारा माणूस कुठेही भेटतो गं. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात.

एकदा गणिताच्या बाई अचानक महिनाभर रजेवर गेल्या. मी पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, तिथे हिशेब लिहिणारी एक मुलगी एका गिऱ्हाइकाच्या पोराला सांगत होती की दोन खिडक्यांना एवढंच कापड कसं पुरेल. पोरगं भांडत होतं आणि तिला त्याची मजा वाटत होती. विचारलं तर तिची गणितातली पदवी घरी धूळ खात पडलेली. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर एकच उदाहरण तीनदा लिहून पुसलं. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला आले तर ती पायरीवर बसलेली. आज ती एका मोठ्या शाळेत गणित विभाग सांभाळते. उलट एक खेळाचे सर आले होते, प्रशस्तिपत्रांची फाइल बाळासारखी छातीशी धरून. मधल्या सुट्टीत गेले ते आलेच नाहीत. तेव्हापासून मी एक ठरवलं होतं. माणूस आला म्हणून जागा भरली असं म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपणहून परत आला की म्हणायचं.

आकडे मागशील. बारा वर्षांत एकही वर्ग शिक्षकाविना राहिला नाही (एक दिवस राहिला होता, मी पडून पाय मुरगळला तेव्हा). हे कंसातलं खरं आहे, ते गाळू नकोस.

आत मी एकटी नसते म्हणजे काय? बढती मिळाली का? मिळाली असेल तर सांग बाई, उगाच हळूहळू कळण्यापेक्षा एकदम जळलेलं बरं.

लोभ आटत नाही, काळजी नसावी.

तुझी
ताई


ऑफिसातून, २५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बायोडेटा सोबत आहे. एक पान. प्रिंटरशी समेट कर आणि चांगल्या कागदावर काढ.

माणूस परत येण्याचं तुझं वाक्य अगदी वर ठेवलं आहे. त्याखाली कापडदुकानातली मुलगी, दोन ओळींत. कंस काढला, पण 'एक दिवस सोडून' हे शब्द ठेवले. तुझ्या मनाला टोचू नये म्हणून नव्हे, त्या एका दिवसामुळे बाकीची बारा वर्षं खरी वाटतात म्हणून. उंची काढली आहे. ती मुलाखतीला जाशील तेव्हा दिसेलच.

तुझ्या त्या वाक्यासारखं वाक्य मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. वाचलं आणि उठून पाणी प्यायले.

तिथे गेल्यावर स्वतःहून उणिवा सांगू नकोस. विचारलं तर एकच सांग, आणि ती सांगून झाली की थांब. तुला थांबता येत नाही.

बढती नाही. कामात आहे, मोठं पत्र पुढे कधीतरी. लोभाचं तुला ठाऊक आहेच.

तुझी
धाकटी


घरून, ६ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. बायोडेटा वाचला आणि दिवसभर अस्वस्थ होते. कोण आहे ही बाई? सकाळी फोन उचलते, आवाजावरून माणूस ओळखते, कापडाच्या दुकानातून गणिताची शिक्षिका शोधून आणते. एकही शब्द खोटा नाही. मी एकेका शब्दावर बोट ठेवून पाहिलं. तरी ही मला कुठे भेटली असती तर मी तिच्या पाठीमागे नक्की नाक मुरडलं असतं. धाकटे, आजवर मी तुझा हेवा केला, समोरच्या बाईचा केला. आता माझ्याच नावाच्या बाईचा करते आहे. ही पायरी नवीन आहे.

आईला वाचून दाखवला. तिनं चष्मा काढून विचारलं, हे धाकटीचं का? तुझं असं वाटून ती खूश झाली होती. माझं आहे म्हटल्यावर पुन्हा वाचायला लावलं, आणि मग चहा टाकायला गेली. म्हणजे आवडला.

एजन्सीतून बोलावणं आलं आहे. बुधवारी मुलाखत. नव्या चपला घेऊ की जुन्याच घालू, एवढ्यावर हे आणि मी भांडलो.

लोभ करतेसच, बुधवारी सकाळी जरा जास्त कर.

तुझी
ताई


घरून, १२ एप्रिल

धाकटीस,

आशीर्वाद नेहमीचेच समजावेत. आज ते हातानं लिहवत नाहीत.

एजन्सीच्या मालकीणबाई आपल्याहून जरा मोठ्या आहेत. बोलणं कमी, ऐकणं जास्त. मला बसवलं आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा. दुसऱ्याचं नाव त्यांनी अंगठ्याखाली झाकलं होतं. दोन्ही कागदांवर पहिलं वाक्य तेच. माणूस आला म्हणून जागा भरली असं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपणहून परत आला की भरली. त्यांनी शांतपणे विचारलं की हे तुम्ही इंटरनेटवरच्या कुठल्या नमुन्यातून घेतलंत, कारण या दुसऱ्या उमेदवार बाईंनीही तिथूनच घेतलेलं दिसतं, आणि त्यांचा या कामाचा अनुभव तर तुमच्याहून पुष्कळ मोठा आहे.

त्यांचा अंगठा नावावर होता, बाकीच्या पानावर नव्हता. प्रत्येक मथळ्याखाली तू मारतेस ती बारीक रेघ होती. तुझ्या कंपनीचं नाव होतं. ज्या बाईनं मला पसारा काढायला शिकवलं, तिनंच दोन्ही पानांवर एकच वाक्य ठेवावं! इतकी घाई होती?

मी म्हटलं, वाक्य माझं आहे. त्यांनी विचारलं, कशावरून. मी त्यांना ती पायरीवर बसलेली मुलगी सांगितली, फाइलवाले सर सांगितले, सगळी सकाळ सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी तुझा कागद उचलून बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाल्या की ज्यांना स्वतःबद्दलचं एक वाक्य स्वतःचं लिहिता येत नाही, त्यांच्या हाती मी दुसऱ्यांची माणसं कशी देऊ?

दुसरा अर्ज माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे हे सांगितलं नाही. तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझा कागद त्या ट्रेमध्ये पडला तेव्हा मला आनंद झाला, चांगला पोटभर. जिना उतरेपर्यंत होता. चष्म्याच्या दुकानाच्या आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो मला आवडला नाही.

तुझ्या मागच्या पत्रात सगळं होतं, शुभेच्छा तेवढ्या नव्हत्या. तेव्हा वाटलं, कामाच्या गडबडीत राहिल्या असतील.

जाहिरात मी तुला मदतीसाठी पाठवली होती. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

ताई


घरून, १७ एप्रिल

ताईस,

नमस्कार. तेवढा तरी घे.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू ती ताबडतोब देशील, आणि मग जन्मभर तुझ्या मोठ्या मनाच्या ओझ्याखाली मला वाकून चालावं लागेल. ते मला झेपणार नाही. लहानपणी तू तुझ्या वाटची मोठी फोड मला द्यायचीस आणि आईकडे बघायचीस. फोड मी खायची, शाबासकी तू.

काय झालं ते सांगते. केबिन आता माझी नाही. माझ्यावर एक नवा साहेब आणला आहे, माझ्याहून बराच लहान. त्यानं अर्ज चाळायला एक सॉफ्टवेअर बसवलं आहे. माणसं ते निवडतं. मी नाकारलेल्यांना कळवते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिलगिरी, दिलगिरी. ज्यांना नाकारलं त्यांचे चेहरेही मला माहीत नसतात. अशात तुझी सकाळ वाचली. तू कापड घ्यायला जातेस आणि शिक्षिका घेऊन येतेस! मी ज्या कामाचं शिक्षण घेतलं, ज्याच्या परीक्षा दिल्या, ते काम तू एका कलत्या खुर्चीत बसून करत होतीस आणि त्याला व्यवस्था पाहणे म्हणत होतीस. मला तुझा इतका राग आला की त्याच दिवशी बसून अर्ज केला.

आई तुझ्याकडे. गल्ली तुझी. रस्त्यात थांबवणारी माणसं तुझी. तिथे एक जागा निघाली, तर तीसुद्धा तुझीच का?

वाक्याचं म्हणशील तर, तुझा बायोडेटा एका बैठकीत झाला आणि लिहिताना मजा आली. माझा लिहायला घेतला तेव्हा वरचा चतकोर कोराच राहिला. पंधरा वर्षांतलं तिथे ठेवण्यासारखं काही सापडेना. म्हणून तुझं घेतलं; घरी गेल्यावर बदलीन म्हणून. बदललं नाही. बदलून काय ठेवणार होते?

आज अर्ज मागे घेतल्याचं एजन्सीला कळवलं आहे. तुला जागा मिळो. हे मनापासून लिहायचा प्रयत्न केला आहे. जमलं आहे की नाही ते तूच ओळख.

धाकटी


घरून, २९ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी एजन्सीतूनही फोन आला. जागा मला दिली होती. हे आनंदानं उठून उभे राहिले. मी मात्र बसूनच राहिले.

मी जे केलं ते मोठ्या मनानं केलं नाही, तेव्हा वाकून चालायची तयारी करू नकोस. मी फक्त तुझाच नियम लावला : मग त्यानं काय झालं? एक वाक्य दुसऱ्याचं म्हणून तुझा कागद ट्रेमध्ये जातो, तर माझा अख्खा कागदच दुसऱ्याच्या हातचा होता. मी काय निवडलं होतं? उंची आणि प्रिंटर. ते तसंच गिळून कामाला लागले असते, तर रोज सकाळी त्या आरशासमोरून जिना चढावा लागला असता.

म्हणून गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. दोघी बहिणी आहोत, वाक्य माझ्या पत्रातलं आहे, कागद तिनं केला आहे. मग मला आवडेना तरी हेही सांगितलं की बारा वर्षं मी काय करत होते ते मला कळलं नव्हतं. ते तिनं माझं पत्र वाचून एका पानात दाखवलं. त्यांनी तू मागे घेतलेला कागद पुन्हा काढला आणि दोन्ही पुन्हा शेजारी ठेवले. दोन्ही वरपासून खालपर्यंत वाचले. शेवटी म्हणाल्या की जिला स्वतःचं काही दिसत नाही पण दुसऱ्याचं इतकं नेमकं दिसतं, ती या धंद्यात वाया जाता कामा नये. 'चोरीबद्दल मात्र मी तिला समोर बसवून विचारणार,' असंही म्हणाल्या.

त्यांनी तुला बोलावलं, तू आलीस, बाईंसमोर बसलीस आणि घरी न येताच परत गेलीस, हे सगळं मला कळलं आहे. काय विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

निकाल तुला फोनवर कळलाच असेल. भरतीप्रमुख म्हणून नवी जागा काढली आहे, ती तुला. भरती अधिकारी मी, तुझ्या हाताखाली. बाईंनी मला आधी विचारलं, चालेल का. अनुभव तिचा जास्त, तेव्हा न्याय्य आहे, असं मी म्हटलं. न्याय्य आहेच. घरी येऊन इतक्या जोरात भांडी घासली की यांनी येऊन नळ बंद केला.

मत्सर गेला का, असं मी रोज स्वतःला विचारते. गेलेला नाही. पुढच्या महिन्यात तू खिडकीजवळच्या टेबलावर बसशील, मी दाराजवळच्या. खुर्च्या मात्र दोन्ही सारख्या आहेत. मी बसून पाहिलं.

वरची खोली झाडून ठेवली आहे. तुला वेगळं घर बघायचं असेल तर बघ, पण पहिले दिवस इथेच राहा. आई वाट पाहते आहे, आणि मीही पाहते आहे असं दिसतं.

एक कामाची गोष्ट. आपण बहिणी असल्यामुळे माझ्या कामाचा अहवाल बाई स्वतः लिहिणार आहेत. तुझा हात त्याला लागायचा नाही. ते बरोबर आहे. पण फाइल तुझ्या टेबलावरून जाईल. वाच. चांगला असला आणि वाचून तुझ्या पोटात जरा दुखलं, तर लपवू नकोस, मला सांग. मला फार बरं वाटेल.

लोभ होता, मध्ये रुसला होता, आता आहे. सांभाळून ये.

तुझी
ताई